ताटीबाहेरची मुक्ताई



ताटीच्या अभंगांवर कीर्तन करायचे म्हटले की हल्ली आधी 'ताटी' म्हणजे काय हे सांगावे लागते. काटक्या किंवा बांबूच्या कामट्या विणून झोपडीच्या दाराला लावतात ते हलके कवाड म्हणजे ताटी. तिला कुलूप नसते. बाहेरून जोराचा धक्का दिला तर मोडून पडेल एवढीच तिची ताकद. लोकांच्या टोचून बोलण्याने ज्ञानोबारायांचे मन दुखावले, ते आत जाऊन बसले आणि ताटी लावून घेतली, तेव्हा ती मोडणे कुणालाही अवघड नव्हते. पण ती कुणी मोडली नाही. चौघा भावंडांत सर्वांत धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि आतल्या भावाशी बोलत राहिली.

या अभंगांवर मी अनेक वर्षे सेवा केली. आता उभे राहून दोन तास बोलणे होत नाही, म्हणून लिहितो. गेल्या काही वर्षांत हे अभंग मला पूर्वीपेक्षा जास्त आठवतात, कारण घराघरांत ताट्या लागलेल्या दिसतात. आत तरुण मूल असते, हातात फोन असतो, आणि बाहेर आई, बाप, आजी कुणीतरी उभे असते. हे केवळ शहरातले म्हणावे तर खेड्यातही तेच आहे, आणि वारकऱ्याच्या घरीही आहे. तुळशीची माळ गळ्यात असली म्हणजे घरातली कडी आतून लागत नाही, असे काही नाही.

मी मांजरीचा. पुण्याचा दोन दिवसांचा मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या हडपसरला येतात. तिथून माउलींची पालखी दिवे घाटाने सासवडकडे वळते आणि तुकोबारायांची सोलापूर रस्त्याने, मांजरीच्या शिवेवरून, लोणी काळभोरला जाते. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव एके काळी उसाचे, द्राक्षांचे आणि भाजीपाल्याचे. साखरेच्या संशोधनाची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आमच्याकडे, द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही आमच्याकडे. पण बागा आता थोड्या राहिल्या. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले. जमिनींना भाव आला आणि बागांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्यात वाईट काही झाले असे मी म्हणत नाही, पोरांचे शिक्षण त्या पैशांतून झाले. मात्र घरांची रचना बदलली. पूर्वी एक माजघर, एक पडवी आणि गोठा. रुसायचे म्हटले तर रुसायला जागा नसे. फार तर गोठ्यात जाऊन बसावे, तर तिथेही वैरण टाकायला कुणीतरी येईच. आता तीन मजली घर, प्रत्येकाला खोली, प्रत्येक खोलीला आतून कडी, आणि खोलीत बसल्या जागी सगळे जग आणून देणारा फोन.

अशाच एका घरची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, ते सांगण्याचे कारणही नाही. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. लहानपणापासून पखवाज वाजवायचा. हात इतका गोड की सप्ताहात जाणते मृदंगाचार्य त्याला मुद्दाम शेजारी बसवून घेत. कॉलेजात दुसऱ्या वर्षी तीन विषय राहिले. नातेवाइकांत, भावकीत बोलणी झाली. 'एवढी फी भरून हे?' असे कुणीतरी त्याच्यासमोरच म्हणाले. तेव्हापासून तो खोलीत. रात्रभर फोनवर खेळ आणि व्हिडिओ, दिवसा झोप. जेवायला खाली येणे बंद, पखवाज खोळीत. बापाने आधी समजावले, मग रागावला, मग घरातले वायफाय तोडले, शेवटी एका रात्री दाराची कडी उचकटून फोन हिसकावून घेतला. मुलगा त्याच रात्री घर सोडून गेला आणि आठ दिवस मित्राच्या खोलीवर राहिला. परत आला तो आणखी गप्प होऊन.

त्या घरात एक आजी आहे. ती रोज संध्याकाळी जिना चढून वर जायची, दाराबाहेर बसायची आणि आतल्या नातवाशी बोलायची. काय बोलायची? आज भाजी काय केली, गाय कशी लाथाडते, तू लहान असताना डग्ग्याला कणीक लावताना अर्धी कणीक कशी खाऊन टाकायचास. आतून उत्तर येवो न येवो. ताटीबाहेरची मुक्ताई त्या घरात पंचाहत्तरीची होती एवढाच फरक.

बाप माझ्याकडे आला आणि म्हणाला, "महाराज, पोराला चार शब्द सांगा. तुमचं ऐकेल." मी गेलो. मुलगा खाली आला, पाया पडला आणि समोर बसला. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारले, "महाराज, एक विचारू? राग मानू नका. तुमच्या कीर्तनात मी पखवाजाला बसायचो. गोरोबाकाकांचं आख्यान तुम्ही लावायचात. नामात इतके रंगले की पायाखाली पोटचं पोर तुडवलं गेलं तरी कळलं नाही. लोक रडायचे. मी तर कुणाला तुडवलं नाही. मग त्यांची ती भक्ती आणि माझं हे व्यसन, असं का?"

बाप लाल झाला. मी त्याला हाताने थांबवले. माउली, प्रश्न उर्मटपणाचा नव्हता. आळंदीला शिकताना आम्हाला एक शिस्त लावली होती. आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडायचा, त्याला जरासुद्धा लंगडा करायचा नाही, मग सिद्धांताकडे यायचे. या मुलाने पूर्वपक्ष मांडला होता, आणि तो लंगडा नव्हता. मी त्याला म्हणालो, "बाळा, प्रश्न मोठा आहे. आठ दिवसांनी येतो." त्या आठ दिवसांत जे सुचले ते आता तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी, की घरातला एक माणूस कशात तरी पूर्ण बुडाला तर घराला त्रास होतो, हे आपल्या संप्रदायाने कधी लपवले नाही. तेरच्या गोरोबाकाकांच्या आख्यानात त्यांच्या पत्नीचा आकांत आहे, संताप आहे. तो गाळून आख्यान लागत नाही. नामदेवरायांच्या गाथेत आई गोणाई आणि पत्नी राजाई यांची गाऱ्हाणी आहेत. त्या नामदेवांशी भांडतात, प्रत्यक्ष पांडुरंगालाही जाब विचारतात, की आमचा माणूस तू आमच्यापासून तोडलास. भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांसाठी भाकरी घेऊन चढणारी जिजाई काय काय बोलत चढत असेल, हे सांगताना कीर्तनकाराला कधी कल्पना ताणावी लागत नाही. संतांच्या घरच्या बायकांची ही तक्रार संप्रदायाने जपून ठेवली, कारण ती खरी होती. तेव्हा त्या मुलाला 'देवाचे वेड चांगले, फोनचे वाईट' एवढे सांगून सुटका नव्हती.

मग फरक कुठे? मला तीन ठिकाणी दिसला.

एक. आपल्या वारीला शेवट आहे. 'वारी' या शब्दातच येरझार आहे, जाणे आणि येणे. आषाढीला गेलेला वारकरी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेतो आणि घराकडे फिरतो. रान वाट पाहत असते, खुरपणी खोळंबलेली असते. जो गेला आणि परतला नाही त्याची वारी पुरी झाली असे आपण म्हणत नाही. कीर्तनाला दोन तास. हरिपाठाला सत्तावीस अभंग. आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटच्या चरणात संतांची नाममुद्रा असते. ती आली की टाळकऱ्याला कळते, विणेकऱ्याला कळते, पोराटोरांनाही कळते, की आता अभंग पुरा होतो आहे. तिथे श्वास घ्यायला, उठायला, घरी जायला जागा आहे. फोनवरच्या व्हिडिओंना नाममुद्रा नाही. एक संपायच्या आत दुसरा आपोआप लागतो. बोट वर सरकवत राहावे, खाली तळ लागत नाही. 'पुरे' म्हणण्याची जागाच त्यातून काढून टाकली आहे, आणि ती चुकून राहून गेलेली नाही. माणूस जितका वेळ पाहील तितक्या जाहिराती, तितका पैसा, असा तो धंदा आहे. पुढचा व्हिडिओ कधी फिका निघतो, कधी एकदम रंगतदार. कधी रंगतदार निघेल हे ठाऊक नसते, म्हणून बोट थांबत नाही. जत्रेतल्या जुगाराच्या फडावरून माणूस का उठत नाही, याचे उत्तरही हेच आहे. तेव्हा एकोणीस वर्षांच्या मुलाला 'तुला मनावर ताबा नाही' म्हणताना समोर किती हुशार माणसे पगार घेऊन त्याचा ताबा सोडवायला बसली आहेत, हे ध्यानात ठेवावे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनासारख्या वीरानेही मनाच्या चंचलपणापुढे हात टेकले होते, आणि त्याच्या खिशात तर फोन नव्हता.

दोन. संतांच्या रंगण्यात घरातल्या माणसाला शिरायला वाट होती. नामदेवांशी भांडणारी तीच गोणाई आणि तीच राजाई पुढे अभंगांतून बोलतात. मुले बोलतात, दळण दळणारी जनाबाई बोलते. सगळे घरच गाऊ लागले. चोखोबांचे पाहा. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, साऱ्यांचे अभंग आपण म्हणतो. एकाचा छंद सगळ्यांचा झाला. तो मुलगा मला म्हणाला असता, की मीही एकटा नसतो, चार मित्र मिळून खेळतो. खरे आहे, ती मैत्री मी खोटी मानत नाही. पण त्या फडात आजीला जागा नाही. दिंडीत आहे. दिंडीत सात वर्षांचे पोर आणि सत्तर वर्षांची म्हातारी एकाच तालावर पाऊल टाकतात.

तीन. गोरोबाकाकांची कथा चिखलापाशी संपत नाही. संपली असती तर तिला कुणी आख्यान म्हटले नसते. पंढरपुरात नामदेवरायांचे कीर्तन उभे राहते आणि त्या आईला तिचे मूल परत मिळते, तिथे ती संपते. ज्या रंगण्याने घर मोडले त्याने ते जोडूनही दिले पाहिजे, असा संप्रदायाचा आग्रह त्या शेवटात आहे. ही कसोटी भक्तीलाही लावावी आणि फोनलाही. तू ज्यात बुडालास त्यातून वर येताना घरच्यांसाठी काय घेऊन आलास? नाम घेऊन उठलेला माणूस जर घरात येऊन बायकोवर खेकसत असेल, तर त्याचे नामही तपासायला हवे. हे मी गळ्यात माळ असलेल्या वाचकासाठी लिहितो आहे.

आता आपल्या, म्हणजे मोठ्यांच्या वाट्याकडे येऊ. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. पूर्वी मोजून वापरायची वस्तू नळाच्या पाण्यासारखी वाहू लागली. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. तेव्हा कर्ज काढून, दागिना गहाण टाकून आपणच मुलांच्या हाती फोन दिले, 'यात शाळा आहे, यातच बघ' असे सांगून. शाळा उघडल्या, फोन हातात राहिला. आता आपण म्हणतो पोरे बिघडली. आणि आपण? पहाटे काकड्याला उठण्याऐवजी पहाटे शुभेच्छांची चित्रे पाठवणारे वारकरी मला ठाऊक आहेत. कीर्तनात पूर्वी समोर माणसांचे चेहरे दिसत, आता फोन धरलेले हात दिसतात. दोन तासांच्या निरूपणातला एका मिनिटाचा विनोद कापून गावभर फिरतो, सिद्धांत मंडपातच राहतो. त्या घरी मी बसलो होतो तेवढ्या तासाभरात बापाने तीन वेळा फोन उचलला, तिन्ही वेळा जागेच्या व्यवहाराचे बोलणे. मुलगा दर वेळी माझ्याकडे पाहायचा, बोलायचा काही नाही.

यंत्राला शिव्या द्यायला मी बसलेलो नाही. अंथरुणाला खिळलेला म्हातारा वारकरी त्याच फोनवर पांडुरंगाचे दर्शन घेतो. अमेरिकेतल्या लेकीला आई हरिपाठ ऐकवते. विळीने भाजी चिरावी की बोट, हे विळी ठरवत नाही. पण विळी वापरून झाल्यावर आपण ती आडवी करून ठेवतो. फोन आडवा करून ठेवायची रीत घरात कुणी घातली का, एवढेच मी विचारतो.

ही रीत एका गावाने घातली. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, उसाच्या पट्ट्यातले. करोनानंतर शाळा भरल्या तेव्हा तिथल्या शिक्षकांना दिसले की मुलांचे लिहिण्यावाचण्यात लक्ष नाही, शाळा सुटली की ती फोनमध्ये. घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही, आणि त्याच खोलीत आईबापांची टीव्हीवरची मालिका चालू. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे मांडला, आणि पहिला होकार बायकांनी दिला. पुरुष आधी हसले. पण ठरले. रोज संध्याकाळी सात वाजता गावातल्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही व फोन बंद. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. सुरुवातीला आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगत होते. पुढे भोंग्याची सवय झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने वेगळी वाट धरली. अठरा वर्षांखालच्या मुलांना फोन बंद, मोडल्यास दोनशे रुपये दंड, असा ठराव ग्रामसभेने केला. दोन्ही गावांची कळकळ एकच आहे, आणि कुणाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. तरी वारकरी म्हणून मला वडगावची रीत जवळची वाटते. बान्सीत नियम मुलांना आहे, वडगावात घराला आहे. आपल्याकडे एकादशी अशीच असते. घरातल्या कर्त्याने खिचडी खायची आणि पोरांना उपाशी ठेवायचे, अशी एकादशी कुठे ऐकली आहे? ज्याला झेपते तो धरतो, आणि धरतो ते मोठ्यांचे पाहून. शिवाय भोंगा देवळावरचा. ज्या वेळी आपल्या गावांत हरिपाठाचा टाळ वाजायचा, नेमक्या त्याच वेळेला त्यांनी हात घातला.

इथे एक सावधगिरीही सांगतो. काही मुलांचे दुखणे रीतीने भागण्यापलीकडचे असते. झोप पार उडते, शिक्षण सुटते, मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलते. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अशा अनावर नादाची नोंद आजारांच्या यादीत केली आहे, आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळे उपचार केंद्र चालते. सरकारची टेलिमानस नावाची सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला की मनाच्या दुखण्याबद्दल मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. पाय मोडला तर आपण हाडाच्या डॉक्टरकडे जातो, त्याला कीर्तन ऐकवून थांबत नाही. मनाचेही तसेच. बुवाकडे आणा, पण बुवाकडेच आणून थांबू नका. त्या बापालाही मी हे आधी सांगितले, आणि मुलगा दोन-तीनदा समुपदेशकाकडे गेलाही.

आठ दिवसांनी मी पुन्हा त्या घरी गेलो आणि वर लिहिले ते मुलाला सांगितले. शेवटी म्हणालो, "तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. बुडणं वाईट नाही. परत येण्याची वाट बंद झाली का, तेवढं तूच बघ." तो काही बोलला नाही. पाया पडून वर गेला. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

बापाला मात्र मी एक काम दिले. संध्याकाळी सात वाजता स्वतःचा फोन बंद करून देवळीत ठेवायचा आणि आजीसोबत हरिपाठाला बसायचे. मुलाला बोलवायचे नाही, टोमणा मारायचा नाही, दाराकडे बघायचेही नाही. तो म्हणाला, "महाराज, सातला तर सगळी गिऱ्हाइकं फोन करतात." मी म्हणालो, "पोरगं कुणाला फोन करतंय तेही बघा." पहिले पंधरा दिवस त्याचे लक्ष देवळीकडेच असे, हे आजीने मला हसत सांगितले. आजीने स्वतःचे जिना चढणे सोडले नव्हते. हरिपाठ झाला की ती ताट घेऊन वर जायची आणि आज कोणता अभंग कुणी कुठे चुकवला ते दाराला सांगायची.

दोन महिने गेले असतील. एका संध्याकाळी मुलगा ताट घ्यायला स्वतःच खाली आला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. बापाची लय घसरत होती. पखवाजी पोराला ते सहन होईना. मांडीवर बोटांनी ठेका धरला. दुसऱ्या दिवशी पायरीवर नव्हता, त्याच्या पुढच्या दिवशी होता. असे चालले. पुढे एकदा तो खाली येऊन बैठकीत बसला. हरिपाठ संपला. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे, भजन संपले की लहानथोर न पाहता एकमेकांच्या पायांवर डोके ठेवायचे. दिंडीत बाप मुलाच्या पाया पडतो, सासू सुनेच्या, पाटील गड्याच्या, कारण समोरचा प्रत्येक जण माउली. त्या घरात आजीच्या पाया पडून झाल्यावर बापलेक समोरासमोर आले. बाप वाकला. मुलगा दचकून मागे सरला, मग तोही वाकला, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. आजी म्हणते, कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणी हसले.

सगळे सुरळीत झाले असे लिहून मी तुमची समजूत घालणार नाही. राहिलेल्या तीन विषयांतले दोन सुटले, एक अजून आहे. रात्री खेळ चालतोच. पखवाज खोळीतून बाहेर आला आहे, रोज वाजतो असे नाही. पण साताच्या सुमाराला वरच्या दाराची कडी काढलेली असते, ती साडेआठपर्यंत लागत नाही. ज्या घरात कडी उचकटली गेली होती त्या घरासाठी ही लहान गोष्ट नाही.

मुक्ताईने काय केले ते आता पुन्हा पाहा. तिने ताटी मोडली नाही. भावाचा अपमान कुणी केला याची चौकशी काढली नाही. गावात जाऊन 'आमचा दादा वाया गेला' असे कुणाला सांगितले नाही, आणि कंटाळून निघूनही गेली नाही. तो कोण आहे याची तिने त्याला आठवण दिली, प्रेमाने दिली, हक्काने दिली, पुन्हा पुन्हा दिली. आपण बंद दाराबाहेरून मुलांना ती काय झाली आहेत तेच सांगत राहतो. आळशी झालास, बिघडलास, वाया गेलास. हे त्याला आतमध्ये ऐकू येते, आणि फोनमध्ये मात्र कुणी त्याला असे म्हणत नाही. मग तो कुणाचे ऐकेल?

तेव्हा वाचक माउली, आज संध्याकाळपासून एवढे करून पाहा. सात वाजता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने आपला फोन आधी बंद करावा. दीड तास जमत नसेल तर हरिपाठापुरता, अर्धा तास करावा. दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून दुप्पट फोन बघू नये, नाहीतर ती एकादशी दुप्पट खाशी होईल. मुले आली तर त्यांना टाळ द्यावा, उपदेश देऊ नये. टाळ वाजवायला दोन्ही हात लागतात, हा त्याचा मोठा गुण आहे. पावली खेळवावी. पावलीत समोरच्याच्या पायाकडे आणि तोंडाकडे बघितल्याशिवाय पाऊल जुळत नाही. आणि मुले आली नाहीत, तर ताट घेऊन दाराशी जावे, दोन गोष्टी बोलाव्यात आणि परत यावे. उद्या पुन्हा जावे.

रामकृष्ण हरी.